बाळंतिणीच्या दंडावरचा पट्टा : रक्तदाब मोजण्याचा इतिहास

(मारेगाव, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोक लढाया, किल्ले आणि राजे ऐकायच्या तयारीनं येतात. आज त्यातलं काहीच नाही. आज एका पट्ट्याचा इतिहास सांगायचा आहे. दवाखान्यात नर्सबाई आपल्या दंडाला गुंडाळतात, रबरी फुगा दाबून हवा भरतात आणि मग हळूहळू सोडतात, तोच हा पट्टा. आपण त्याला 'बीपी पाहणं' म्हणतो. हा पट्टा बाळंतपणाच्या खोलीत कधी आला, कुणी आणला, आणि मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी, तिथून पुढे कोलामांच्या पोडावर पोचायला त्याला इतका वेळ का लागला, हा आजचा विषय.

सुरुवात एका सालापासून करू. साल १९०५. त्या वर्षी आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. तोवर हा भाग वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, इंग्रजांच्या कागदांत 'वून'. वऱ्हाडाची फेररचना झाली, दारव्हा आणि पुसद हे तालुके जोडले गेले आणि जिल्हा यवतमाळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात रशियात, सेंट पीटर्सबर्गला, निकोलाय कोरोत्कॉफ नावाच्या लष्करी शल्यचिकित्सकानं एक टिपण वाचलं. पानभरही नव्हतं ते. दंडाला पट्टा बांधून कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला, तर रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे कानानं ऐकता येतात, एवढंच त्यात होतं.

आज कुठल्याही आरोग्य केंद्रात हातानं बीपी पाहतात ते कोरोत्कॉफच्याच पद्धतीनं. म्हणजे यंत्र आणि रीत १९०५ लाच तयार होती. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. रीत तयार असताना बायका एवढी वर्षं का मरत राहिल्या?

मोजता येत नव्हतं तेव्हा

आधी आजाराबद्दल दोन शब्द. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, प्रत्यक्ष कळा चालू असताना किंवा बाळंत झाल्यावर काही बायकांना एकदम झटके येतात. दातखिळी बसते, अंग ताठ होतं, शुद्ध हरपते. वैद्यकात याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ लखकन चमकणं. विजेसारखा अचानक येणारा आजार, म्हणून हे नाव.

आपल्याकडे कुणी याला मिरगी म्हणे, कुणी बाहेरची बाधा. त्यावर हसण्याचं कारण नाही. सकाळपर्यंत चालती-बोलती असलेली बाई दुपारी झटके देऊ लागते, तेव्हा बघणाऱ्याला दुसरं काय सुचणार? आणि युरोपातले नावाजलेले डॉक्टर तरी काय करत होते? ते शीर कापून रक्त काढत. आधीच अर्धमेल्या झालेल्या बाईचं आणखी रक्त काढायचे. कारण त्यांनाही हा आजार येताना दिसत नव्हता, आल्यावरच दिसत होता.

पहिला धागा १८४३ साली लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये सापडला. जॉन लीव्हर या डॉक्टरनं झटके येणाऱ्या बायकांची लघवी उकळून पाहिली आणि तिच्यात अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकात असतं त्या जातीचं प्रथिन आढळलं. अंड्याचा बलक तापवल्यावर गोठतो, तशी ही लघवीही तापवल्यावर गढूळ होते. आजही गरोदर बाईला लघवी तपासायला सांगतात, त्याचं मूळ इथे आहे.

आता आपल्या माणसांकडे येऊ. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर होण्याची त्यांची जिद्द तिथून सुरू होते. त्या पदवी घेत होत्या तेव्हा लघवीची परीक्षा माहीत होती, पण दंडाला बांधायचा पट्टा अजून जन्माला यायचा होता. पदवी मिळाल्यावर वर्षभरातच त्याही गेल्या.

दौत, सायकलची ट्यूब आणि पारा

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं इंग्लंडच्या एका पाद्र्यानं. स्टीफन हेल्स त्याचं नाव. त्यानं घोडीच्या धमनीत नळी बसवून ती उभ्या काचेच्या नळीला जोडली. रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलं. हे त्यानं १७३३ साली प्रसिद्ध केलं. प्रयोग मोठा, पण माणसावर कोण करणार? १८२८ साली पॅरिसमध्ये प्वाझ्योय यानं काचेच्या लांब नळीऐवजी पारा वापरला. पारा रक्तापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे नळी आखूड झाली. आपण आजही दाब 'मिलिमीटर पारा' असाच सांगतो. १२० म्हणजे पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंचीचा स्तंभ.

धमनीला हात न लावता दाब मोजण्याची सोपी युक्ती १८९६ साली इटलीत तुरीनला निघाली. शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरनं एक दौत, तांब्याची नळी, पारा आणि सायकलची आतली ट्यूब एवढ्यावर यंत्र उभं केलं. घरातल्या वस्तूच म्हणायच्या. दंडाला ट्यूब गुंडाळायची, मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत हवा भरायची आणि पारा कुठे आहे ते वाचायचं. त्याचा पट्टा फक्त ५ सेंटिमीटर रुंद होता, त्यामुळे आकडा खराहून जास्त यायचा. पाच वर्षांनी फॉन रेक्लिंगहाउझेननं पट्टा रुंद केला. पट्टा अरुंद असला की बीपी खोटं वाढतं, हा धडा तेव्हाचा आहे, आणि आजही लठ्ठ दंडाला लहान पट्टा बांधला की तीच चूक होते.

१९०१ साली अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग इटलीत पाव्हियाला गेला होता. तिथे त्यानं हे यंत्र पाहिलं आणि बाल्टिमोरला नेलं. पण यंत्रानं अमेरिका गाठण्याआधीच, १८९७ साली, पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर या दोघांनी आपल्या विषयातली कळीची गोष्ट सांगितली होती. एक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांचा रक्तदाब चढलेला असतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. वीज पडायच्या आधी ढग दिसू लागले. आजार अचानक येत नव्हता. तो तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस अंगात चढत होता. फक्त तो बघायचं साधन नव्हतं.

कळा चालू असताना बीपी पाहणं

बीपी कधीही पाहा, एकच, असं आपल्याला वाटतं. बाळंतपणात तसं नाही. आणि ही समजही हळूहळू आलेली आहे, म्हणून तिलाही इतिहास आहे.

कळ येते तेव्हा गर्भाशय आवळतं आणि त्यातलं ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त बाईच्या अंगात ढकललं जातं. त्यात वेदना, भीती, जोर करणं. त्या क्षणी दाब वाढणारच. म्हणून बीपी दोन कळांच्या मधल्या वेळेत पाहायचं. बाई उताणी झोपली असेल तर जड गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं आणि दाब खोटा उतरतो. म्हणून तिला बसवून किंवा डाव्या कुशीवर कललेली ठेवून मोजायचं, पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीला ठेवून.

खालचा आकडा कोणता धरायचा यावर तर वर्षानुवर्षं वाद होता. हवा सोडताना ठोके ऐकू येतात, मग ते मऊ पडतात, मग नाहीसे होतात. गर्भारपणात मऊ पडले तो आकडा धरायचा, असं बराच काळ शिकवलं जाई. १९९० च्या दशकात काळजीपूर्वक तुलना झाली. मऊ पडण्याची जागा प्रत्येकाच्या कानाला वेगळी लागते आणि नाहीसं होण्याची जागा जास्त सारखी लागते, असं दिसलं. तेव्हापासून आवाज नाहीसा होतो तो आकडा धरू लागले. कुणाचा कान किती पक्का, यावर बाईचं निदान ठरत होतं, हे विसरू नका.

आकडे सगळ्यांनी लक्षात ठेवावेत असे दोनच. १४०/९० च्या वर गेलं तर सावध. १६०/११० च्या वर गेलं तर तातडी, म्हणजे तासाभरात उपचार सुरू व्हायला हवा. बाकी सगळं ठीक असेल तर कळांमध्ये दर ४ तासांनी बीपी, नाडी मात्र त्याहून वारंवार. आकडा चढता असेल तर मधलं अंतर कमी करत न्यायचं, तातडीच्या पातळीला दर १०-१५ मिनिटांनी.

दाब उतरणंही तितकंच महत्त्वाचं. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागलं तर तरुण बाईचं शरीर बराच वेळ दाब टिकवून धरतं. आधी नाडी पळू लागते, दाब पुष्कळ उशिरा कोसळतो. म्हणून नाडी आणि वरचा आकडा जोडीनं वाचायचे. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्यापुढे जायला लागला की बाई संकटात आहे.

आणखी एक गोष्ट, जी बाळंतपणाच्या खोलीबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. १९३५ साली चॅसर मॉयर आणि डडली यांनी अर्गट या बुरशीतून अर्गोमेट्रिन हे औषध वेगळं काढलं. मूल बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबवायला त्यानं लाखो बायका वाचवल्या. त्याचाच भाऊ म्हणजे आपल्याकडचं मेथर्जिन. पण हे औषध रक्तवाहिन्या आवळतं, दाब वाढवतं. ज्या बाईचं बीपी आधीच चढलेलं आहे तिला ते द्यायचं नसतं, तिला ऑक्सिटोसिन द्यायचं. म्हणजे शेवटच्या टप्प्यात कोणतं इंजेक्शन भरायचं हेसुद्धा त्या पट्ट्याच्या आकड्यावर ठरतं. बीपी पाहिलंच नसेल तर वाचवणारं औषध मारणारं होऊ शकतं.

पट्टा आपल्याकडे

मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडलं, परळचं वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम १९२६ साली. शहरात रीत पोचली. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख जेरुशा झिराड यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंची कारणं शोधणारी पाहणी केली आणि १९४१ साली तिचा अहवाल आला. बेने इस्रायली समाजातल्या या डॉक्टरबाई. बाळंतीण गेली तर 'नशीब' म्हणून गप्प न बसता ती का गेली, हे एकेका मृत्यूमागे विचारायचं, ही सवय आपल्याकडे लावणाऱ्यांत त्यांचं नाव वर आहे.

खेड्याचं काय? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशातल्या मातामृत्यूंचा अंदाज दर हजार जन्मांमागे सुमारे २० असा दिलेला आहे. आताच्या भाषेत एक लाखामागे २,०००. महाराष्ट्राचा आकडा २००४-०६ मध्ये एक लाखामागे १३० होता आणि २०१८-२० मध्ये ३३ झाला. ही उतरण फार मोठी आहे आणि ती आपोआप झालेली नाही.

भोर समितीच्या काळात आपल्या या भागात बाळंतपण घरीच व्हायचं. सुईण असायची. सुईणीच्या हाताला पुष्कळ कळायचं. मूल आडवं आहे का, डोकं खाली आलं का, वार सुटली का. तिची ती विद्या खरी होती. पण रक्तदाब हाताला लागत नाही. पायावर सूज आली तर ती म्हणायची, पहिलटकरणीला येतेच. आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. जी थोडी प्रकरणं खरी नसायची, तीच जिवावर बेतायची. अनुभवानं जे दिसत नाही ते मोजावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

औषध मिळालं, पण कुणी द्यायचं?

आकडा कळला तरी पुढे काय करायचं हा प्रश्न उरतोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियातल्या स्त्रोगानॉफनं रीत घालून दिली. अंधारी, शांत खोली आणि मॉर्फिन, क्लोरलसारखी झोपेची औषधं. आपल्या जुन्या रुग्णालयांतली अंधारी 'एक्लॅम्प्सिया रूम' त्याच परंपरेतली. मद्रासला डॉ. कृष्ण मेनन यांनी तीन औषधांचं मिश्रण वापरून पाहिलं, १९६१ साली त्यावर लिहिलं, आणि देशभर ती पद्धत चालली. तिकडे अमेरिकेत डॅलसला प्रिचर्ड हे मॅग्नेशियम सल्फेट देत होते. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे आपलं जुलाबाचं मीठ, तेच शुद्ध करून इंजेक्शनात. स्वस्त, पेटंट नाही.

कोणतं चांगलं? वाद दशकानुदशकं चालला. १९९५ साली निकाल लागला. भारतासह नऊ देशांतल्या सुमारे १,७०० बायकांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर पुन्हा झटके येण्याचं प्रमाण डायझेपामच्या तुलनेत निम्म्याहून कमी झालं. २००२ मध्ये ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक बायकांच्या 'मॅगपाय' चाचणीनं दाखवलं की झटका यायच्या आधीच हे औषध दिलं तर धोका ५८ टक्क्यांनी घटतो.

आता दाब उतरवण्याच्या औषधांकडे या. इथे इतिहास आपल्या दाराशी येतो. चढलेला दाब उतरवायला शिरेतून द्यायची औषधं आहेत, पण त्यांना सतत लक्ष ठेवणारी माणसं लागतात. रात्री दोन वाजता छोट्या रुग्णालयात ती कुठून आणायची? साध्या गोळीनं काम होईल का? हा प्रश्न नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात, २०१५ ते २०१७ मध्ये तपासला गेला. डॉ. शुचिता मुंडले आणि त्यांचे सहकारी त्यात होते. दाब १६०/११० च्या पातळीला गेलेल्या ८९४ गरोदर बायकांना तीनपैकी एक गोळी चिठ्ठी टाकल्यासारखी वाटून दिली. ६ तासांत दाब सुरक्षित पातळीला आला आणि काही अपाय झाला नाही, असं निफेडिपिन घेतलेल्यांत ८४ टक्के, लॅबेटालॉल घेतलेल्यांत ७७ टक्के आणि मिथिलडोपा घेतलेल्यांत ७६ टक्के बायकांच्या बाबतीत झालं. तिन्ही गोळ्या कामाच्या. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

याच रुग्णालयांत त्याआधी, उच्च रक्तदाबाच्या ६०२ बायकांमध्ये कळा सुरू करण्याच्या दोन पद्धतींची तुलना झाली होती, तीही 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आली. कुठल्या बायका होत्या या? नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या, आपल्यासारख्या घरांतल्या. त्यांच्या दंडावरच्या पट्ट्याचे आकडे आज जगभरचे डॉक्टर वाचतात. विदर्भाच्या इतिहासात ही नोंद झाली पाहिजे.

आकडा वाचणाऱ्याचा अधिकार

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्र होतं, औषध होतं. तरी उशीर का?

माझ्या मते तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. मोजायचं साधन, मोजणारा माणूस, आणि त्या आकड्यावर पाऊल उचलायचा त्या माणसाला अधिकार. पहिली १९०५ ला आली. दुसरी स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि नर्सबाई आल्या तेव्हा हळूहळू आली. तिसरी सगळ्यांत उशिरा.

ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कासल या दोन डॉक्टरांनी १९७२ साली बाळंतपणाचा एक तक्ता मांडला. आज त्याला पार्टोग्राफ म्हणतात. त्यावर दोन तिरप्या रेषा आहेत, सावधानतेची आणि कृतीची. दोन्हींत ४ तासांचं अंतर. ४ तासच का? तर दूरच्या केंद्रातल्या सुईणीला बाई मोठ्या रुग्णालयात पोचवायला तेवढा वेळ मिळावा म्हणून. बघा, कागदावरच्या रेषेत रस्त्याचा हिशेब धरलेला आहे. त्या तक्त्यावर बाळाचे ठोके, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, आणि खालच्या बाजूला बीपी व नाडी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली काढलेल्या नव्या तक्त्यात तर प्रत्येक रकान्यासमोर धोक्याचा आकडा छापलेलाच आहे. आकडा त्यात बसला की त्याला गोल करायचा आणि काय केलं ते लिहायचं. कुणाला विचारत बसायचं नाही.

आपल्याकडे फार काळ इंजेक्शनाचा अधिकार डॉक्टरांचाच होता. उपकेंद्रातल्या एएनएम ताईंनी बीपी पाहायचं, आकडा लिहायचा आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचं. बाई गाडीत झटके देत जायची. २००५ साली केंद्र सरकारनं ठरवलं की प्रशिक्षित एएनएम आणि नर्स यांनी अशा संकटात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम असे १० ग्रॅम, देऊनच बाईला पुढे पाठवावं. त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २०१७ च्या डिसेंबरात लेबर रूमची गुणवत्ता तपासणारा 'लक्ष्य' कार्यक्रम आला. कोरोत्कॉफचं टिपण ते एएनएम ताईच्या हातातली सिरिंज, बरोबर १०० वर्षं.

आणि यातला एकच धागा ओढला तर काय होतं, तेही सीमाभागात तपासून झालेलं आहे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ दरम्यान आशाताईंना बीपीचं यंत्र आणि मोबाइलवरचं अ‍ॅप देऊन घरोघरी तपासणी केली गेली. १४,००० हून अधिक गर्भारपणं त्यात होती. आशाताईंनी काम चोख करून दाखवलं. पण माता आणि बाळांचे मृत्यू व गंभीर आजार यांच्या एकूण प्रमाणात दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ मोजणं व्यर्थ असा घेऊ नका. मी त्याचा अर्थ असा लावतो की दारात लाल दिवा लागला, तरी गाडी, रक्त, औषध आणि माणूस पुढे तयार नसेल, तर नुसत्या दिव्यानं बाई वाचत नाही.

मारेगावचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पोडावरून उपकेंद्र, तिथून इथलं ग्रामीण रुग्णालय, पुढे वणी, आणि फारच अवघड झालं तर यवतमाळ, चंद्रपूर, सेवाग्राम किंवा नागपूर. प्रत्येक टप्प्यावर गाडी बदलते, माणसं बदलतात. आधीच्या ठिकाणी बीपी किती होतं, किती वाजता पाहिलं, कोणतं इंजेक्शन कधी दिलं, हे चिठ्ठीवर नसेल तर पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो. आणि कोलामी बोलणाऱ्या बाईला डोकं ठणकतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीखाली दुखतं का, हे तिच्या बोलीत विचारणारं कुणी लागतं. पट्टा आकडा सांगतो, त्रास बाईच सांगते. दोन्ही मिळून निदान होतं.

शेवटी एका सवयीबद्दल बोलतो, कारण जगभरच्या बीपी-नोंदींचा हा जुना रोग आहे. रजिस्टरमध्ये सगळ्या बायकांचं बीपी १२०/८० किंवा ११०/७०. सगळे आकडे शून्यावर संपणारे. माणसाचं शरीर असं गोल आकड्यांत चालत नाही. घाईत, गर्दीत, एका नर्सबाईवर चार बाळंतिणी असताना न पाहताच आकडा लिहिला जातो. दोष एकट्या नर्सबाईचा नाही, तिला दिलेल्या कामाचा आहे. पण १३८/८८ असा वेडावाकडा आकडा दिसला की खुशाल समजा, इथे कुणीतरी खरंच पट्टा बांधला, खरंच ऐकलं. एका बाईसाठी दोन मिनिटं दिली. तेवढ्यासाठी हेल्सपासून आशाताईंपर्यंतची ही सगळी माणसं खपली.



प्रश्नोत्तरांतून

*एक ताई : बाळंत झाल्यावर धोका संपतो ना?*

नाही ताई. हा गैरसमज जिवावर बेततो. ब्रिटनमध्ये १९९२ साली झालेल्या देशभरच्या पाहणीत एक्लॅम्प्सियाची ३८ टक्के प्रकरणं बाळंतपणाआधी, १८ टक्के कळांमध्ये आणि ४४ टक्के बाळंतपणानंतरची निघाली. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी दाब पुन्हा चढतो, आणि तोवर बहुतेक बायका घरी आलेल्या असतात. घरात बारशाची तयारी चालू असते आणि बाळंतीण म्हणते डोकं फार दुखतंय. तेव्हा तिला बाम चोळत बसू नका. आशाताईंना हाक मारा, बीपी पाहायला लावा.

*एक गृहस्थ : ते पाऱ्याचं यंत्र चांगलं की हे नवं बटनाचं?*

पाऱ्याचं यंत्र विश्वासू होतं, पण पारा विषारी. २०१३ च्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे पारा जाणार हे ठरलेलं आहे. बटनाची यंत्रं ठोके ऐकत नाहीत, पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून हिशेब करतात, आणि या आजारात काही यंत्रं आकडा खराहून कमी दाखवतात. म्हणून गर्भारपणासाठी तपासून पास झालेलं यंत्रच दवाखान्यानं घ्यावं. असं एक हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारं यंत्र बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकमध्येही वापरून पाहिलेलं आहे.

*एक नर्सताई : मॅग्नेशियम द्यायला भीती वाटते, श्वास थांबला तर?*

भीती योग्य आहे, म्हणूनच त्याला नियम आहेत. पहिला डोस देऊन बाईला पुढे पाठवायचं. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय हलतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहे का, आणि मागच्या ४ तासांत लघवी १०० मिलिलिटर तरी झाली का. एकही कमी असेल तर थांबायचं. कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. हे सगळं तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. आणि ते करायचा अधिकार कागदावर तुमचाच आहे, एवढं आजच्या इतिहासातून घेऊन जा.